उरलेले रस्ते

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून सायकल चालवण्याविषयी जे लिहिले जाते, ते बहुतेक वेळा आगगाडीच्या खिडकीतून पाहून लिहिल्यासारखे असते. मधाच्या रंगाच्या दगडाची घरे, चर्चचा मनोरा, कुरणात विखुरलेल्या मेंढ्या, एका टेकडीमागे दुसरी आणि तिच्यामागे तिसरी. हे सगळे तिथे आहे आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. पण दिवसभर पायडल मारणाऱ्याला देखाव्यापेक्षा जास्त लागतो तो रस्ता, आणि देखणा मुलूख सायकलीला सोयीचा असतोच असे नाही. याचा पडताळा लेक डिस्ट्रिक्टमध्ये मिळतो. वायव्येकडचा हा सरोवरांचा आणि डोंगरांचा प्रदेश देशातला सर्वांत सुंदर मानला जातो. पण तिथल्या दऱ्या अरुंद आहेत आणि बहुतेक दऱ्यांतून जाणारा कामाचा रस्ता एकच असतो. विंडरमिअरहून अँबलसाइड, ग्रासमिअर करत केझिककडे जाणारा ए ५९१ घ्या. ऑगस्टच्या सुट्टीत पर्यटकांच्या मोटारी, बस, कॅराव्हॅन आणि सायकलवाला असे सगळे त्याच्यावर एका रांगेत असतात. याउलट पूर्वेचा सफक किंवा वेल्सच्या सीमेवरचा हेरफर्डशर पाहा. कॅलेंडरवर छापावे असे तिथे थोडेच आहे. तरी सायकलवाले या परगण्यांची नावे जिव्हाळ्याने घेतात, कारण तिथे दर दोन-तीन किलोमीटरवर फाटा फुटतो आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला दोन-तीन वाटा असतात. त्यांतली एक मोटारींनी घेतली तरी बाकीच्या उरतात. इंग्लंडच्या ग्रामीण सायकलमार्गांचे खरे भांडवल म्हणजे हे उरलेले रस्ते, असे माझे म्हणणे आहे. गरजेपेक्षा जास्त रस्ते असणे आणि नवे झाले म्हणून जुने मोडीत न निघणे, या दोन गोष्टींवर ही सारी मजा उभी आहे. टेकड्या आणि दारावरचे गुलाबाचे वेल त्यानंतर येतात.

आधी आकडे पाहू. ग्रेट ब्रिटनमध्ये सुमारे चार लाख किलोमीटर रस्ते आहेत. त्यांतले जवळपास ८७ टक्के सरकारी वर्गवारीत लहान रस्ते ठरतात, पण मोटारवाहतुकीचा त्यांच्यावरचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे. उलट मोटरवेंची लांबी जेमतेम एक टक्का आणि त्यांच्यावरची वाहतूक मात्र सुमारे एक पंचमांश. लहान रस्त्यांत शहरांतल्या गल्ल्याही मोजल्या जातात हे लक्षात ठेवले तरी कल स्पष्ट दिसतो: वाहने थोड्या रस्त्यांवर गर्दी करतात आणि बाकीचे जाळे मोकळे पडते. हे जाळे इतके दाट विणले गेले ते पायी चालणाऱ्यांमुळे. मध्ययुगात शेतकऱ्याला रोज शेतावर जाऊन परत यायचे होते, म्हणून गावे जवळजवळ वसली, आणि प्रत्येक गावाला आपले चर्च, आपली गिरणी आणि आपली शीव होती. बाजारपेठांच्या अंतराचाही हिशेब केलेला होता. तेराव्या शतकात ब्रॅक्टनच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या कायद्याच्या ग्रंथात, दोन बाजार साडेसहा मैलांहून किंचित जास्त अंतरावर असावेत असे सांगितले आहे. माणूस दिवसात वीस मैल चालतो असे धरून त्याचे तीन भाग केलेले होते: एक जाण्याला, एक खरेदी-विक्रीला, एक परतण्याला. म्हणजे साधारण साडेदहा किलोमीटर, सायकलीवर अर्धा तास. आजही चहा, पाणी आणि पंक्चरचे साहित्य याच अंतराने मिळते, ते या पायी चालणाऱ्यांच्या कृपेने. १५५५ मध्ये संसदेने रस्त्यांची डागडुजी गावांच्या गळ्यात घातली. गावकऱ्यांनी वर्षाला चार दिवस, आणि पुढे सहा दिवस, फुकट राबून आपल्या हद्दीतले रस्ते दुरुस्त करायचे. वेठीचे काम जसे होते तसेच हे झाले. आपल्या शिवेपर्यंतची वाट जेमतेम चालू राहील इतकेच गाव करी. पण नेमक्या या अनास्थेने हजारो वाटा रुंद झाल्या नाहीत आणि बंदही पडल्या नाहीत.

चढणींचे गूढही इथेच उलगडते. इंग्लंडच्या टेकड्या उंचीने किरकोळ आहेत. कॉट्सवोल्डचे सर्वोच्च टोक, क्लीव्ह हिल, अवघे ३३० मीटर आहे, आणि ससेक्समधले नावाजलेले डिचलिंग बीकन २४८ मीटर. आपल्या सह्याद्रीतला एखादा मधला घाटही याहून उंच असतो. तरी आल्प्स चढून आलेले सायकलस्वार डेव्हन किंवा यॉर्कशरमध्ये धापा टाकतात, कारण उंचीपेक्षा उतार जास्त छळतो. आल्प्सचे मोठे घाटरस्ते घोडागाड्यांसाठी आणि सैन्याच्या तोफांसाठी आखलेले आहेत. ते वळणे घेत घेत सात-आठ टक्क्यांच्या बेताने वर जातात, त्यामुळे तासभर एकाच गिअरवर चढता येते. इंग्लंडची पाणंद आखली ती पायांनी आणि लादलेल्या तट्टूंनी, आणि त्यांना सरळ वर जाणे परवडत होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून टोलनाक्यांचे रस्ते आले. १६६३ मध्ये हर्टफर्डशरमध्ये पहिला टोल बसला आणि १८३० च्या दशकापर्यंत वीस हजार मैलांहून अधिक रस्ते टोल-मंडळांच्या ताब्यात गेले. या मंडळांनी घोडागाड्यांसाठी चढ कापले, भराव घातले, डोंगराला वळसे दिले. पण पैसा मिळाला तो मुख्य रस्त्यांना. त्यांच्या शेजारच्या, तीच दोन गावे जोडणाऱ्या जुन्या वाटा होत्या तशाच राहिल्या, सरळ आणि खड्या. आज सुधारलेला रस्ता मोटारींकडे गेला आहे आणि न सुधारलेला सायकलीकडे आला आहे. सायकलवाल्याने शांततेची किंमत मांड्यांनी मोजायची असा हा सौदा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:५०,००० नकाशावर १४ टक्क्यांहून तीव्र चढाला एक बाण आणि २० टक्क्यांहून तीव्र चढाला दोन बाण छापलेले असतात. हे बाण मोठ्या लाल रस्त्यांवर क्वचित आणि बारीक पिवळ्या रस्त्यांवर वारंवार दिसतात, ते यामुळेच. कॉट्सवोल्डमध्ये भूगर्भाने त्यात आणखी भर घातली आहे. चुनखडीचे ते पठार आग्नेयेकडे हळूहळू उतरते आणि वायव्येकडे कड्यासारखे तुटते. त्यामुळे ऑक्सफर्डकडून आलेला सायकलवाला नकळत वर पोहोचतो, आणि ब्रॉडवेकडून निघालेल्याला पहिल्याच तासात सगळा हिशेब चुकता करावा लागतो.

सगळ्या वाटा मात्र मध्ययुगीन नाहीत, आणि सगळ्या निरागसही नाहीत. मध्य इंग्लंडमध्ये एकदम सरळ धावणारा, दोन्ही बाजूंना रुंद गवताची पट्टी आणि पलीकडे हॉथॉर्नचे कुंपण असलेला रस्ता लागला, आणि गावाच्या शिवेवर त्याने अचानक काटकोनात वळण घेतले, तर तो बहुधा जमीनबंदीच्या काळातला असतो. गायराने आणि सामाईक शेते मोडून ती खासगी मालकीच्या चौकोनांत वाटून टाकणारे हजारो कायदे संसदेने केले. त्यांतले बहुतेक अठराव्या शतकाच्या मध्यापासून शंभर वर्षांतले आहेत, आणि त्यांखाली इंग्लंडच्या सुमारे एक पंचमांश भूमीची वाटणी झाली. जमीन मोजणाऱ्या आयुक्तांनी कोऱ्या कागदावर पट्टी ठेवून रस्ते आखले. १८०१ च्या सर्वसाधारण कायद्याने सार्वजनिक गाडीरस्त्याची रुंदी किमान ३० फूट ठरवली. पावसाळ्यात चिखल चुकवायला गाड्यांना बाजूने जागा हवी हा त्यामागचा विचार. आज त्या रुंदीच्या मधोमध बारीक डांबरी पट्टी आहे आणि कडेला रानफुले आहेत. गाय चारण्याचा आणि सरपण वेचण्याचा हक्क ज्यांनी गमावला ते लोक शहरांतल्या गिरण्यांकडे गेले. सायकलवाल्याला आज जो निवांतपणा भेटतो, त्यातला बराचसा या रिकाम्या झालेल्या गावांचा आहे. उरलेल्या रस्त्यांचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आणि या भूमीत जो पैसा ओतला गेला त्यात आपलाही वाटा आहे. कॉट्सवोल्डमधल्या मोरटन-इन-मार्शजवळ सेझिंकोट नावाचा वाडा आहे. घुमट आणि छज्जे मोगली धाटणीचे, बाहेर मात्र इंग्लिश पाऊस. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत श्रीमंत झालेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या भावाने, सॅम्युएल पेप्स कॉकरेलने, बांधला. तिथून जवळच डेल्सफर्ड येथे त्याच वास्तुकाराने वॉरन हेस्टिंग्जसाठी घर बांधले. मराठ्यांशी सात वर्षे लढून १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह करावा लागलेला हा गव्हर्नर जनरल डेल्सफर्डच्याच चर्चच्या आवारात पुरलेला आहे, आणि त्या चर्चशेजारची पाणंद सायकलवाल्यांच्या आवडीची आहे.

रस्ते उरले, पण सायकलीला ते मिळाले कसे? त्यासाठी ते आधी रिकामे व्हावे लागले, आणि ते काम आगगाडीने केले. १८४० नंतर लोहमार्ग पसरत गेले तसा घोडागाड्यांचा धंदा बसला, टोल-मंडळे बुडाली, महामार्गांवर गवत उगवू लागले आणि रस्त्याकाठच्या खानावळींना गिऱ्हाईक उरले नाही. या ओसाड रस्त्यांवर १८७० च्या दशकात सायकली आल्या. १८७८ मध्ये हॅरोगेट येथे सायकलवरून भटकणाऱ्यांचा क्लब निघाला आणि पुढे तोच सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब म्हणून नावारूपाला आला. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने दोन सारख्या चाकांची रोव्हर सायकल बाजारात आणली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर दिला. त्याच १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने सायकल हे वाहन आहे असे मान्य केले, आणि तिला रस्त्यावरून हुसकणारे गावोगावचे नियम निकालात निघाले. लंडनहून सरेमधल्या रिप्लीला जाणारा रस्ता सायकलवाल्यांची पंढरी झाला आणि तिथली अँकर खानावळ रविवारी फुलून जाई. क्लबने खानावळींवर आपली पंखवाल्या चाकाची पाटी लावली, धोक्याच्या उतारांवर फलक उभे केले आणि सदस्यांना ठरावीक दराने जेवण-मुक्काम मिळवून दिला. याच परिसरातल्या ऑकमच्या हॉटबॉय हॉटेलात १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन या बाईंना सायकलीसाठी शिवलेला सुरवारीसारखा पोशाख घातल्याबद्दल कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. क्लब त्यांच्या बाजूने कोर्टात गेला आणि हरला. पोशाख मात्र टिकला. एच. जी. वेल्सने १८९६ मध्ये कापडदुकानातल्या एका नोकराच्या सायकल-सुट्टीवर आख्खी कादंबरी लिहिली, आणि कॉनन डॉइलने सरेच्या निर्जन रस्त्यावर एकटी सायकल चालवणारी तरुणी होम्सकडे पाठवली. दोन्ही कथा घडतात त्या रिकाम्या रस्त्यांवरच.

इथे एक गमतीचा विरोधाभास आहे. रस्ते चांगले असावेत म्हणून संघटितपणे झगडणारे पहिले लोक सायकलवाले होते. टूरिंग क्लब आणि नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन यांनी मिळून १८८६ मध्ये रस्तेसुधार संघटना काढली, पत्रके छापली आणि सर्वेक्षकांना खडी कशी घालावी हे शिकवले. मॅकॅडमच्या रस्तेबांधणीच्या पद्धतीत लोखंडी धावांखाली खडी दबून घट्ट होई. मोटारींच्या रबरी टायरांनी मात्र ती उखडून धूळ उडवायला सुरुवात केली. मग १९०२ मध्ये नॉटिंगहॅमशरचा सर्वेक्षक एडगर हूली याने टारमॅकचे पेटंट घेतले. १९०९ च्या कायद्याने रस्ते मंडळ स्थापन झाले आणि त्याचा पहिला सचिव झाला विल्यम रीस जेफ्रीज, सायकलवाल्यांच्याच चळवळीत तयार झालेला माणूस. पुढच्या पिढीत डांबर शेतावरच्या पाणंदींपर्यंत पोहोचले. म्हणजे सायकलवाल्यांनी मागितलेला गुळगुळीत रस्ता मोटारींनी वापरला, आणि मोटारींसाठी घातलेले डांबर गावोगाव पसरल्यामुळे आज बारीक टायरची सायकल कोंबडीच्या खुराड्यापर्यंत जाऊ शकते. एका पक्षाने दुसऱ्याला लुबाडले असे सांगणे सोपे आहे, पण हिशेब तितका सरळ नाही.

डांबर पडल्यावर या सगळ्या पाणंदी मोटारींनीच व्यापायच्या, पण तसे झाले नाही. त्याची कारणे कायद्यात आणि नियोजनात सापडतात. १९२० च्या दशकात रस्त्यांना ए आणि बी असे क्रमांक मिळाले आणि पैसा त्या क्रमांकांच्या मागे गेला. १९५८ मध्ये प्रेस्टनचा वळणरस्ता हा पहिला मोटरवे खुला झाला. लांबच्या गाड्या क्रमाक्रमाने वरच्या थरावर चढत गेल्या. दुसरीकडे, इंग्लिश कायद्यात सार्वजनिक रस्ता एकदा झाला की तो नुसता वापर थांबल्याने संपत नाही. तो बंद करायला रीतसर हुकूम लागतो. वहिवाट इतकी चिवट असल्यामुळे शेजारी चौपदरी रस्ता झाला तरी जुनी वाट नकाशावर आणि जमिनीवर शिल्लक राहते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९३५ मध्ये रस्त्याच्या कडेने रांगेत घरे बांधण्यावर निर्बंध आले आणि १९४७ च्या शहर व ग्रामनियोजन कायद्याने शेतजमिनीवर परवानगीशिवाय बांधकाम करणे जवळपास अशक्य केले. गाव जिथे संपते तिथे ते खरोखर संपते, आणि पुढचे गाव येईपर्यंत मधे ना गोदाम, ना धाबा, ना मंगल कार्यालय. कुणी म्हणेल की यामुळेच इंग्लंडमध्ये घरे महाग झाली आणि खेडी निवृत्त श्रीमंतांची वसाहत बनली. आरोप बऱ्याच अंशी खरा आहे. पण पाणंद पाणंदच राहण्याचे श्रेयही त्याच कायद्याला द्यावे लागते. पुढे आगगाडीवरही जुन्या रस्त्यांसारखीच ओस पडण्याची वेळ आली. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैल लोहमार्ग बंद पडले. ब्रिस्टलमध्ये १९७७ मध्ये जमलेल्या काही सायकलवाल्यांनी बाथपर्यंतच्या अशाच एका मार्गाचा सायकलरस्ता केला. त्यातून सस्ट्रान्स ही संस्था आणि १९९५ पासून लॉटरीच्या निधीवर उभे राहिलेले राष्ट्रीय सायकल जाळे आले. ज्या आगगाडीने रस्ते रिकामे करून दिले, तिचीच वाट शेवटी सायकलीकडे आली.

यावर सर्वांत जड आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो उडवून लावता येत नाही. सायकलस्वारांचे निम्म्याहून अधिक मृत्यू ग्रामीण रस्त्यांवर होतात, आणि सायकली तिथे चालतात त्या मात्र निम्म्याहून बऱ्याच कमी. वेगळी पाटी नसेल तर एका गाडीच्या रुंदीच्या पाणंदीवरही कायदेशीर वेगमर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे जवळपास ९७ किलोमीटर आहे. २०२० मध्ये खुद्द सस्ट्रान्सने आपल्या जाळ्यातले सुमारे पाव रस्ते वगळले किंवा त्यांचा दर्जा बदलला, कारण ते सगळ्यांसाठी पुरेसे सुरक्षित नव्हते. मग उरलेल्या रस्त्यांचे गुणगान कशासाठी? याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिले असे की आकडेवारीतल्या ग्रामीण या शब्दात वेगवान ए रस्तेही येतात, पाणंदीही येतात. त्यांची सरासरी काढून पाणंदीला दोषी ठरवणे बरोबर नाही. दुसरे असे की पाणंदींमध्येही फरक आहे आणि तो मोजता येतो. २०२२ मध्ये सुधारलेल्या वाहतूक संहितेनुसार सायकलीला ओलांडताना ताशी ३० मैलांपर्यंत किमान दीड मीटर अंतर सोडायचे, आणि वेग जास्त असेल तर त्याहून अधिक. मोटारीची रुंदी दोन मीटर धरा, सायकलवाल्याला पाऊण मीटर द्या आणि दीड मीटर मोकळे सोडा. बेरीज सव्वाचार मीटरवर जाते. म्हणजे नकाशावर चार मीटरांहून अरुंद म्हणून दाखवलेल्या रस्त्यावर नियम पाळून सायकलीला ओलांडताच येत नाही. गाडीवाल्याला रुंद जागा येईपर्यंत मागे राहावे लागते. वळणे, उंच कुंपणे आणि समोरून येणारा ट्रॅक्टर यांमुळे तो तसाही हळू असतो. खरा धोका मधल्या रस्त्यांवर आहे. वेग घेण्याइतके सरळ, पण दोन गाड्या आणि एक सायकल मावण्याइतके रुंद नसलेले, बहुतेक बी दर्जाचे किंवा जमीनबंदीच्या काळातले सरळ रस्ते. नवखे लोक नेमके तेच निवडतात, कारण ते नकाशावर सोयीचे दिसतात. मार्ग आखण्याचे कसब म्हणजे या मधल्या रस्त्यांवरून चालणे टाळणे आणि त्यांना फक्त आडवे ओलांडणे. जुन्या काळी बार्थोलोम्यूच्या अर्ध्या इंचाच्या नकाशांत टूरिंग क्लबच्या सदस्यांनी दिलेल्या दुरुस्त्या घातल्या जात, आणि हॅरी इंग्लिसच्या पुस्तकांत रस्त्यांच्या चढउतारांच्या आकृत्या असत. आज फोन हे काम करतो, पण त्याला सांगावे लागते की सर्वांत जवळचा नको, सर्वांत बारीक रस्ता हवा.

दुसरा आक्षेप हॉलंडकडे बोट दाखवतो. तिथे सायकलीला स्वतंत्र रस्ता आहे, म्हणून चारपैकी एकाहून अधिक प्रवास सायकलीने होतात. इंग्लंडमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास घुटमळते. मग उरलेल्या रस्त्यांवर समाधान मानणे म्हणजे कायमचे दुय्यमत्व पत्करणे नाही का? शाळेत, कामावर, बाजारात सायकलीने जाण्याचा प्रश्न असेल तर हा आक्षेप पूर्ण मान्य. पाणंद वळसे घेते, खडी चढते, रात्री अंधारी असते आणि हिवाळ्यात चिखलाने माखते. कुंपण छाटणीच्या दिवसांत तर हॉथॉर्नचे काटे टायर फोडतात ते वेगळेच. दहा वर्षांच्या मुलीला तिच्यावरून शाळेत पाठवा असे कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. इंग्लंडचे ग्रामीण जाळे रविवारचे आहे, सोमवारचे नाही. पण रविवारच्या भटकंतीसाठी मैलोनमैल स्वतंत्र सायकलरस्ते बांधायला लागणारा पैसा आणि जमीन कोणताच देश देणार नाही, आणि इंग्लंडला ते बांधायची गरजही नाही. जे आहे ते राखले तरी पुरे. गावकऱ्यांची कुरकूर हा तिसरा मुद्दा. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुष सायकलपटूंनी सरेतल्या बॉक्स हिलला नऊ फेऱ्या मारल्या, आणि त्यानंतर त्या टेकडीवर शनिवार-रविवारी सायकलींचे थवे उतरू लागले. २०१३ पासून दर वर्षी हजारो सायकलस्वारांसाठी त्या भागातले रस्ते दिवसभर बंद ठेवणारी राइडलंडन ही शर्यत स्थानिक नाराजीनंतर सरेतून गेली आणि २०२२ मध्ये एसेक्समध्ये सुरू झाली. गावकऱ्यांची तक्रार मला रास्त वाटते. गर्दी झाली की उरलेला रस्ता उरलेला राहत नाही, मग ती मोटारींची असो वा कार्बनच्या सायकलींची. एकाच टेकडीवर सगळ्यांनी जाण्याइतका हा देश रस्त्यांनी गरीब नाही.

आता धोका वेगळ्या बाजूने येतो आहे. पाणंद शांत राहिली, कारण अनोळखी गाडीवाल्याला ती ठाऊक नव्हती. पाट्या नसलेल्या पाच तिठ्यांतून वाट काढणे हे स्थानिकांचे काम होते. सॅटनॅव्हने ते ज्ञान प्रत्येक डॅशबोर्डवर आणून ठेवले. महामार्गावर कोंडी झाली की तो गाड्या पाणंदींत सोडतो, आणि घरपोच सामान देणाऱ्या व्हॅनना प्रत्येक फाटा माहीत असतो. कित्येक शतके फक्त दुर्लक्षाने टिकलेली गोष्ट यापुढे दुर्लक्षाने टिकणार नाही. साधन कायद्यात आहे. २००० च्या वाहतूक कायद्याने स्थानिक संस्थांना पाणंदींना शांत रस्ते म्हणून जाहीर करण्याचा अधिकार दिला, आणि त्याआधीच नॉरफक व केंटमध्ये त्याचे प्रयोग झाले होते. पण नुसत्या पाटीने वेग कमी होत नाही, त्यासाठी वेगमर्यादाच उतरवावी लागते. शेजारच्या आयर्लंडने फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रामीण स्थानिक रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० वरून ६० किलोमीटरवर आणली. इंग्लंडने चार मीटरांहून अरुंद रस्त्यांपुरते तरी तेच करावे. त्याला डांबर लागत नाही, जमीन लागत नाही, आणि शेतकऱ्याचा ट्रॅक्टर तसाही त्याहून हळू चालतो.

लंडन आणि आसपास राहणाऱ्या मराठी वाचकांना हा सगळा युक्तिवाद एका सकाळीत तपासून पाहता येईल. पॅडिंग्टनहून गाडीने दीड-दोन तासांत मोरटन-इन-मार्शला उतरावे. तिथून स्टो-ऑन-द-वोल्डकडे जाणारा ए ४२९ म्हणजे रोमनांचा फॉस वे. तो सरळ आणि रुंद आहे, मालमोटारींनी भरलेला आहे. तो घेऊ नये. पूर्वेकडची पाणंद धरावी आणि इव्हनलोड, अ‍ॅडल्स्ट्रॉप, डेल्सफर्ड करत किंगहॅमला यावे. हे अंतर सुमारे पंधरा किलोमीटर आहे. त्या एका खोऱ्यात रोमन महामार्ग, १८५३ चा लोहमार्ग आणि गावांना जोडणारी जुनी वाट असे तीन थर शेजारी शेजारी दिसतात, आणि तिसऱ्यावर तुम्ही असता. डेल्सफर्डला थांबून हेस्टिंग्जची कबर पाहावी. किंगहॅमचे स्टेशन त्याच लोहमार्गावर आहे, त्यामुळे परतीची अडचण नाही. फक्त गाडीत सायकलची जागा आधीच राखून ठेवलेली बरी.